तेरा डिग्री

केळ्यांना मी तेरा डिग्रीत झोपवतो.
सावद्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सतरा वर्षं हेच काम.
चार इंच जाडीचा पफ, दोन्ही अंगांना पांढरा पत्रा,
दार लोटलं की आत माघ, बाहेर वैशाख.
पाळी संपली की स्वेटर खुंटीला टांगतो
आणि शेहेचाळीस डिग्रीत येतो भाड्याच्या खोलीवर,
जिथे रात्री अकराला पाठ टेकावी
तर भिंत दुपारचं सगळं सांगत बसते.

म्हणून फैजपूर रोडच्या प्लॉटवर पाया भरला
तेव्हाच यामिनीला म्हटलं,
टाइल्स नंतर. गेट नंतर. आधी भिंत.
ती हसली. भिंत काय, सगळ्यांच्याच घराला असते.
तसं नाही, म्हटलं. किती जाड, आणि तिच्या पोटात काय.

पोटात काय!
दुकानदार म्हणाला, थर्माकोल.
मेव्हणा म्हणाला, म्हणजे उंदीर.
इंजिनिअर पोरगा म्हणाला, हलका ब्लॉक घ्या, राखेचा.
दीपनगरची राख: कोळसा जळून वीज झाली,
उरलं ते वीज वाचवायला.
आणि पालहून येणारा सरदार तडवी मिस्तरी
वाळू चाळता चाळता म्हणाला,
"दोन भिंती घाला, भो. मधात दोन इंच काहीच नको.
थांबलेली हवा उन्हाचा निरोप पोचवत नाही."

मला मोजल्याशिवाय पटत नाही.
एका रविवारी प्लॉटवर चार खोकी मांडली:
विटेचं, ब्लॉकचं, पोकळ जोडभिंतीचं,
आणि एक, कामावरून आणलेल्या पफच्या तुकड्यांचं.
प्रत्येकात वाटीभर बर्फ. बारा ते चार.
झोपेकाकू कुंपणावरून विचारून गेल्या,
वास्तुशांत आजच का?

चारला उघडलं.
विटेत पाणी, तेही कोमट.
ब्लॉकमध्ये सुपारीएवढा खडा.
पोकळीत लिंबाएवढा.
पफमध्ये बर्फ होता तसाच, कडा तेवढ्या झिजलेल्या.
यामिनीने तो उचलला, गळ्यावरून फिरवला,
डोळे मिटूनच म्हणाली,
"ठरलं. आता भाव सांग."

भाव सांगितला.
मग बराच वेळ आम्ही नकाशाकडे बघत बसलो.
भिंती चार होत्या, पैसे दीड भिंतीचे.
उत्तरेला नको, तिकडे ऊन फिरकत नाही, सातपुडा दिसतो.
पूर्वेला कडुनिंब; झाड शेजाऱ्याचं, सावली आपली.
दक्षिणेला पोकळी, मिस्तरी म्हणतो तशी.
मी म्हटलं, पफ झोपायच्या खोलीला.
ती काही बोलली नाही.
नकाशावर पश्चिमेच्या ओट्यावर बोट ठेवलं.
"कळण्याची भाकरी तव्यावर, मी तव्यापुढे,
आणि पाठीमागे ही भिंत.
दोन तव्यांच्या मधात किती वर्षं काढली मी,
ते मोजलंस कधी?"

पश्चिमेला पफ.

शीट आल्या. मी कागदावर असं बसवलं होतं
की कापून उरेल ते बोटभर.
सरदार कापत होता, पिवळा भुगा त्याच्या मिशांवर.
संध्याकाळी हात धुताना म्हणाला,
"भाऊ, तुकडे फेकू नका.
आमच्याकडे पत्रा आहे.
घरवाली दुपारभर लेकराला घेऊन
नाल्यातल्या जांभळाखाली बसते."

तुकडे गोळा केले. अर्धी गोणीही भरेना.
सतरा वर्षांत पहिल्यांदा
मला माझ्या बिनचूक मापाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी स्टोरेजच्या मागे
मोडक्या पॅनेलचा ढीग बघत उभा राहिलो,
मॅनेजरला विचारलं, हे भंगारात कितीला जातं?
तो म्हणाला, तुला कशाला? तुझं घर झालं ना?

म्हटलं, कुठलं!
एक भिंत झाली.